टाइम ट्रायलची आदली रात्र

उद्या उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या कॉलनीच्या २५ मीटरच्या तलावावर समर टीमची टाइम ट्रायल. हीट, म्हणजे एका वेळी सुटणाऱ्या तुकड्या, वयाप्रमाणे लावायच्या की गेल्या वर्षीच्या वेळेप्रमाणे? मी वेळेच्याच बाजूची. बरोबरीची मुलं शेजारी पोहली की लेन खोळंबत नाहीत, मुलंही जोर लावतात. आधीची हीट भिंतीला धरून पाण्यात असतानाच पुढची सोडायची. त्यात बराच वेळ वाचतो. बॅकस्ट्रोकला हे जमत नाही, सुरुवातच पाण्यातून ना! लेनला तीन स्टॉपवॉच, मधली वेळ खरी. पण वेळ वाचवायची ही घाई मोठ्या मुलांपुरतीच असावी. आठ वर्षांखालची पोरं बाकावर बसून हातावर मार्करनं लिहिलेला लेन नंबर पुन्हा पुन्हा वाचतात. त्यांच्यातलं कुणी पहिल्यांदाच पूर्ण लांबी पोहत असेल, तर पुढची हीट खुशाल थांबू दे.