उसन्या अवजारांची यादी

शेतकऱ्याच्या घरी सगळीच अवजारे स्वतःची नसतात. तिफण एकाकडे असते, डवरा दुसऱ्याकडे, आणि बैलजोडी तर हल्ली तिसऱ्याच गावाहून येते. कोणाकडून काय आणले हे घरातल्या लहानथोरांना पाठ असते. मी आज ज्या अवजारांविषयी लिहिणार आहे, तीही उसनीच आहेत. फरक इतकाच, की ती परत करावी लागत नाहीत, पण त्यांची यादी मात्र लिहूनच ठेवावी लागते.

संगणकावर निव्वळ मजकूर लिहिण्याचे जे साधन असते, त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. माझ्या वाट्याला आला तो 'व्हिम'. मी तो निवडला असे म्हणता येणार नाही. मामेभावाने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. त्यावर विंडोज चालेनासे झाले म्हणून त्याने लिनक्स घातले होते, आणि स्वतःच्या सोयीसाठी व्हिम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. संगणक विकत घेण्याची गोष्ट आमच्याकडे कोणी काढलीही नसती.

व्हिम उघडला की काळा पडदा येतो. त्यावर मधोमध काही ओळी. पहिल्या दिवशी त्यातली एक ओळ वाचून मी थबकले. 'युगांडातील गरीब मुलांना मदत करा' अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ होती. लिहिण्याच्या साधनाचा आणि आफ्रिकेतल्या मुलांचा संबंध काय? मग कळले की नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी हा एडिटर १९९१ साली लोकांसाठी खुला केला. १९९४ मध्ये ते युगांडातल्या किबाले येथील बालकेंद्रात पाणी आणि स्वच्छतेचे काम करीत होते. पुढे त्यांनी व्हिमची किंमत घेतली नाही. ज्याला काही द्यावेसे वाटेल त्याने ते त्या मुलांसाठी द्यावे, असे सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये ते वारले. त्यांचे काम इतरांनी पुढे चालू ठेवले आहे. पिकाचा भरवसा नसलेल्या घरातल्या मुलीला ही गोष्ट सांगून समजवावी लागत नाही.

मला या एडिटरची खरी गरज पडली ती लोकसाहित्याच्या प्रकल्पामुळे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या होत्या. आधी मी त्या मोबाईलवर लिहू लागले. पण आजीने 'लेकराईले' म्हटले की मोबाईल 'लेकरांना' पुढे करी. 'काहून' लिहिले की खाली लाल रेघ उमटे. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "माह्या बोलन्याले सुधारनारा तो कोन वं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. व्हिमचे तसे नाही. तो मुळात कोरा असतो. आपण शिकवल्याशिवाय तो काही सुचवत नाही आणि काही सुधारतही नाही. जे लिहाल ते राहते. आजीची वऱ्हाडी त्यात जशीच्या तशी राहिली.

पण निव्वळ कोरेपणावर कोणाचे भागते? घर रिकामे असून चालत नाही, त्यात आपल्याला हवी तीच भांडी हवीत. एडिटरमध्ये अशी भर घालणाऱ्या छोट्या कार्यक्रमांना प्लगिन म्हणतात. पूर्वी त्यांच्या फाइली व्हिमच्या वेगवेगळ्या कप्प्यांत हाताने ठेवाव्या लागत. नको झाले की कोणती फाइल कोणाची, हे शोधत बसायचे. अमेरिकेच्या टिम पोप यांच्या 'पॅथोजेन'ने प्रत्येक प्लगिनला स्वतंत्र कप्पा दिला. मग 'व्हंडल' आला. पुढे कोरियाच्या जुनेगुन चोई यांनी २०१३ साली 'व्हिम-प्लग' केला. २०१६ च्या आठव्या आवृत्तीपासून स्वतंत्र कप्प्यांची सोय व्हिममध्येच आली. तरी आणणे, अद्ययावत करणे, काढणे यासाठी मॅनेजर हाताशी असलेला बरा.

व्हिम-प्लग म्हणजे एकच फाइल. ती 'ऑटोलोड' नावाच्या कप्प्यात ठेवायची. संगणकात 'गिट' हवे, कारण प्लगिन आणण्याचे काम त्याच्यामार्फत होते. नंतर व्हिमच्या सूचनांच्या फाइलीत, जिला 'व्हिमआरसी' म्हणतात, एक आरंभाची आणि एक समाप्तीची ओळ लिहायची. या दोहोंच्या मधे आपली यादी. फाइल जतन करून व्हिम पुन्हा उघडायचा आणि 'प्लगइन्स्टॉल' ही आज्ञा द्यायची. बाजूला एक खिडकी उघडते आणि एकेक नाव उतरत जाते. आमच्या गावात नेटवर्क वाऱ्यासारखे येते-जाते. पण एकदा उतरवले की नंतर नेटवर्क लागत नाही.

यादीतून ओळ काढली आणि 'प्लगक्लीन' म्हटले, तर तो पुसण्यापूर्वी विचारतो. 'प्लगअपडेट' नंतर 'प्लगडिफ' म्हटले की मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते दाखवतो, आणि बदल नको असेल तर मागे घेता येतो. परक्याने लिहिलेला कार्यक्रम आपण घरात घेतो, तेव्हा एवढी दारे-खिडक्या उघडी असलेली बरी.

मला सर्वांत आवडले ते यादीतल्या ओळीचे रूप. आधी कर्त्याचे नाव, मग तिरकी रेघ, मग प्लगिनचे नाव. अवजाराआधी माणूस! माझ्या यादीत पहिले 'गोयो' आहे. तेही चोई यांचेच. ते चालू केले की पडद्यावरचे सगळे आजूबाजूचे नाहीसे होते आणि मधोमध फक्त ओवी उरते. दुसरे 'अनडूट्री'. व्हिम आपले बदल झाडाच्या फांद्यांसारखे जपून ठेवतो आणि हे प्लगिन ते झाड दाखवते. आजी एक ओवी सांगे, मग बदले, मग म्हणे पहिलीच बरी होती. मी त्या फांदीवर परत जाई.

एक अडचण मात्र कोणत्याच प्लगिनने सुटली नाही. काळ्या पडद्यावर जोडाक्षरे नीट बसत नाहीत. वेलांटी भलतीकडे जाते. हा दोष अक्षरे रेखाटणाऱ्या खिडकीचा आहे. फाइलीत मात्र मजकूर शुद्ध असतो, आणि दुसरीकडे उघडला की सुरेख दिसतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. व्हिममध्ये अक्षरे हीच आज्ञा असतात आणि त्या रोमन आहेत. मराठी कळफलक चालू ठेवला की आज्ञा मुक्या होतात. यावर व्हिममध्येच 'कीमॅप'ची सोय आहे. एका फाइलीत रोमन अक्षरासमोर आपले अक्षर लिहायचे. इनस्क्रिप्टच्या रचनेप्रमाणे मी 'के'समोर 'क' लिहिले, 'जे'समोर 'र', 'डी'समोर हलन्त. आता लिहिताना मराठी उमटते आणि लिहिणे थांबवले की आज्ञा पूर्ववत चालतात. ती फाइल मी एका कप्प्यात ठेवली आणि कप्प्याचा पत्ता यादीत शेवटी लिहिला. व्हिम-प्लग स्वतःच्या संगणकावरचे प्लगिनही चालवून घेतो.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात मी पुष्कळदा गेले आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेल्या त्या वास्तूत चरख्यांपुढे उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते: चाक, माळ, चाती, सगळे डोळ्यांना दिसते. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. तो खेड्यातल्या साध्या घरात चालावा आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च अल्प असावा, अशा त्याच्या अटी होत्या. साधन वेगवान असावेच, पण ते वापरणाऱ्याच्या समजुतीबाहेरचे असू नये, हा त्यामागचा आग्रह मला आज पटतो. मोबाईलने आजीचे शब्द का बदलले, हे मला कधी पाहता आले नाही. व्हिम काय करतो, ते माझ्या यादीत लिहिलेले आहे.

प्रकल्पात सत्तेचाळीस ओव्या झाल्या. वर्गातल्या एका मैत्रिणीने तिच्या गावची गाणी लिहिण्यासाठी माझी कीमॅपची फाइल मागून नेली. तिच्या यादीत आता ती ओळ आहे. पुढच्या आठवड्यात पाहते तर तिने दोन अक्षरांच्या जागा आपल्या सोयीने बदलून घेतल्या होत्या. मला विचारले नव्हते. विचारण्याची गरजही नव्हती.