काटेरी तारेवरून उडी

मंडळी, रग्बी म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते. हुतुतूची धसमुसळ, वर पावसाळ्यातला चिखल आणि एक लांबुळका चेंडू! पण आपल्या अल्बर्टात येऊन राहिलेल्या एका रग्बीपटूची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

फ्रेडरिक हार्वी १८८८ साली आयर्लंडमधल्या मीथ परगण्यात जन्मला. १९०७ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो आयर्लंडकडून कार्डिफला वेल्सविरुद्ध खेळला. आयर्लंडचा २९-० असा साफ धुव्वा उडाला. पुढच्याच वर्षी स्वारी जमीन मोजणीच्या कामाला कॅनडात. मध्यंतरी तो परत गेला आणि १९११ मध्ये कॉर्कला फ्रान्सविरुद्ध पुन्हा देशाकडून उतरला. तो सामना मात्र २५-५ असा जिंकला. त्याच वर्षी परत कॅनडा, आणि बिऱ्हाड फोर्ट मॅक्लाउडला. एक पाय इकडे, एक तिकडे. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात तो 'लॉर्ड स्ट्रॅथकोनाज हॉर्स' या कॅनेडियन घोडदळात लेफ्टनंट होता. २७ मार्च १९१७ ला फ्रान्समधल्या गियाँकूर गावापुढच्या खंदकातून जर्मनांनी अगदी जवळून मशीनगन आणि रायफलींचा मारा सुरू केला. आघाडीची माणसं पटापट पडू लागली. त्या तुकडीचा प्रमुख हार्वी. तो आपल्या माणसांच्या बराच पुढे धावत सुटला, काटेरी तारेवरून उडी मारली, मशीनगनवाल्याला गोळी घातली आणि ती गन ताब्यात घेतली. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही सगळी रग्बीची तालीम, असं म्हणायचा मोह होतो. मला काही ते पटत नाही. मैदानावर समोरचा गडी फार तर चिखलात लोळवतो.

मार्च १९१८ मध्ये मोरॉयच्या रानातल्या लढाईत त्याने मिलिटरी क्रॉसही मिळवला. आयर्लंडकडून रग्बी खेळलेल्या तिघांकडे व्हिक्टोरिया क्रॉस आहे: थॉमस क्रीन, रॉबर्ट जॉन्स्टन आणि हार्वी. पहिले दोघे बोअर युद्धातले. गंमत म्हणजे तिघेही डब्लिनच्या एकाच, वाँडरर्स क्लबचे!

१९२२ मध्ये मीथसकट बहुतेक आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा झाला. ब्रिटिश राजाचं पदक मिळवलेल्या या आयरिश माणसाचं घर मात्र तोवर अल्बर्टात झालं होतं. माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, मग तो नक्की कुठला?" मी म्हटलं, "तिन्हीकडचा," तर तिला ते उत्तर काही पुरेसं वाटलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हार्वी ब्रिगेडियर होता. १९८० मध्ये वयाच्या ९१व्या वर्षी तो कॅल्गरीत वारला. तिथल्या लष्करी संग्रहालयात त्याच्या रेजिमेंटचं दालन आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा.