काच नव्हे ती

आमच्या हँगरमध्ये सगळे तिला काच म्हणत. साहेब म्हणत, शिकाऊ पायलट म्हणत, झाडू मारणाराही म्हणे. मीही म्हणू लागलो. पुढच्या दोन वर्षांत माझ्या हातून जी काही माती झाली, तिचं मूळ बरंचसं या एका शब्दात आहे.

मी खामगावचा. बुलढाणा जिल्ह्यात माणूस घाटावरचा की घाटाखालचा हे आधी विचारतात. घाटावर, बुलढाण्याला, उन्हाळ्यातही संध्याकाळी बरं वाटतं; आम्ही घाटाखालचे, होळीपासून मृगापर्यंत भाजून निघणारे. आयटीआय करून मी विदर्भातल्याच एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत हेल्पर म्हणून लागलो. विमानं लहान, एका इंजिनाची, फायबरच्या अंगाची. पंख खाली आणि डोक्यावर फुग्यासारखी पारदर्शक कॅनोपी. पायलटला चारी बाजूंचं दिसावं म्हणून ती तशी असते, पण मग ऊनही चारी बाजूंनी येतं. मे महिन्यात दुपारी एक वाजता उभ्या विमानात हात घातला की सीटबेल्टचं बक्कल चटका देई.

पहिल्याच दिवशी मला काम मिळालं, ‘काच पुसून घे.’ आमच्या गल्लीत काळीपिवळी जीप होती, तिची काच मी शाळेत असल्यापासून पुसत आलो होतो. पायपुसण्याजवळची कॉटन वेस्ट उचलली, तोंडाची वाफ मारली आणि गरागरा हात फिरवला. लख्ख! तीन महिने मी रोज सकाळी हेच केलं, आणि मन लावून केलं, हे जास्त वाईट.

मग हिवाळ्यात एकदा जळगावला एक विमान बिघडून अडकलं. दुरुस्तीचं सामान घेऊन दुसरं विमान निघालं आणि हाताखाली माणूस हवा म्हणून मला बसवलं. दुपारी साडेतीनला उडालो. अकोल्यापासून रेल्वे धरून जायचं होतं: शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर. डावीकडे अजिंठ्याचे डोंगर, उजवीकडे सातपुडा, मधे पूर्णेचं खोरं. आयुष्यात पहिल्यांदा आपला जिल्हा वरून दिसणार होता. जलंबहून खामगावला जाणारा तो 1870 सालचा आखूड फाटा शोधायचा, नांदुऱ्याचा 105 फुटी मारुती बघायचा, असं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

शेगावच्या अलीकडे सूर्य बरोबर नाकासमोर आला. आणि समोर काहीच दिसेना. कॅनोपीभर चांदीच्या तारांसारखी बारीक वर्तुळं पेटली, एकात एक, सूर्याभोवती जाळं विणल्यासारखी. जमिनीवर, सावलीत, त्यातलं एकही वर्तुळ मला कधी दिसलं नव्हतं. तिरपं ऊन समोरून आलं तेव्हा दिसली, आणि ती कुणाची आहेत हे कळायला वेळ लागला नाही. माझ्याच हाताचा फेर होता तो.

कॅप्टनसाहेबांनी टोपी खाली ओढली, एक हात कपाळावर धरला आणि बाजूच्या खिडकीतून रूळ बघत बघत विमान नेऊ लागले. थोड्या वेळानं शांतपणे विचारलं, ‘ही काच कोण पुसतं?’

मी म्हणालो, ‘शिफ्टला जो असेल तो.’

मारुती दिसला नाही. खामगावचा फाटाही नाही.

परतल्यावर आमच्या इंजिनिअरसाहेबांनी कुणाचंही नाव न घेता सगळ्या हेल्परना उभं केलं आणि सांगितलं, की ही काच नाही, ॲक्रिलिक आहे. प्लास्टिक. काचेपेक्षा कितीतरी मऊ. तिच्यावर बसलेली धूळ म्हणजे दगडाचा भुगा. कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आधी भरपूर पाणी सोडायचं. अंगठी, घड्याळ काढून उघड्या तळहातानं कण चाचपत धुवायचं, कारण बोटांना खडा लागतो, फडक्याला लागत नाही. मग मऊ सुती कापड, आणि हात सरळ, समोरून मागे. गोल कधीच नाही. वर बटण असलेली टोपीसुद्धा विमानात घालायची नाही, ते बटण कॅनोपीला घासतं. त्या संध्याकाळी मी माझ्या टोपीचं बटण कापून टाकलं. वर्तुळं मात्र राहिली. एकापेक्षा एक बारीक कापडांनी घासून पॉलिश करत त्यांतली बरीच काढली, पण त्यालाही मर्यादा असते. जास्त घासलं की प्लास्टिक लाटांसारखं होतं आणि त्यातून धावपट्टी वाकडी दिसते.

इथवर तरी मी अडाणी होतो, एवढं म्हणता येईल. पुढचं मी शहाणपणानं केलं.

2012 साली सुप्रीम कोर्टानं गाड्यांच्या काचांना फिल्म चिकटवायला मनाई केली. खामगावच्या एका दुकानात उरलेले रोल स्वस्तात निघाले होते. सुट्टीवर गेलो होतो, एक घेऊन आलो. शिकाऊ पोरं उन्हानं हैराण होती, एका मुलीच्या कपाळावर तर रोज घामोळं. म्हटलं, ट्रकच्या काचेला वर हिरवी पट्टी असते तशी कॅनोपीला लावू. रविवारी संध्याकाळी, कुणाला न विचारता, एका विमानाला लावली. विमानात साधा बदल करायचा तरी मंजुरी लागते, हे मला माहीत होतं. पट्टी म्हणजे काही बदल नव्हे, असं मी स्वतःला समजावलं.

सपाट फिल्म फुग्यावर बसत नाही. चुण्या पडल्या, दोन दिवसांत बुडबुडे आले. आणि गारवा? काही नाही. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. काळ्या फिल्मनं उजेड अडतो, ऊन तिच्यात मुरतं, ती तापते आणि प्लास्टिकलाही तापवते. वर संध्याकाळी समोरून येणारं दुसरं विमान जरा उशिरा दिसणार, तो धोका वेगळाच.

इंजिनिअरसाहेबांनी बघितलं आणि एकच शब्द बोलले, ‘काढ.’ फिल्म निघाली, डिंक राहिला. मी रंगाच्या खोलीतून थिनर आणला. काचेवरचा डिंक थिनरनंच काढतात ना! सुरेख निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उन्हात आणलं तर पट्टीच्या जागी केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी. नखाला लागत नव्हती, नुसती चकाकत होती. याला क्रेझिंग म्हणतात. वाकवून घडवलेल्या ॲक्रिलिकच्या पोटात ताण असतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, अमोनियाचे काच-क्लीनर असलं काही लागलं की त्या ताणाला वाट मिळते आणि प्लास्टिक आतून फाटत जातं. ते पॉलिशनं जात नाही. कॅनोपी बदलावी लागली, नवीन येईपर्यंत विमान कोपऱ्यात उभं. त्या वेळी ‘शिफ्टला जो असेल तो’ म्हणायला जागा नव्हती. फिल्मच्या पुठ्ठ्यावर दुकानाचं बिल चिकटलेलं होतं. लेखी दिलं. जळगावच्या वर्तुळांचंही त्यातच लिहून टाकलं. साहेबांनी वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाले, ‘मला तेव्हाच माहीत होतं.’

मधे एक गॉगलचाही प्रकार झाला, तो थोडक्यात सांगतो. चाचणी उड्डाणाला जाताना मी पोलराइज्ड गॉगल लावला. मुख्य स्क्रीन काळा पडला! मी घाईनं बिघाड लिहून घेतला. साहेब म्हणाले, ‘मान तिरपी कर.’ केली, स्क्रीन परत आला. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश एकाच दिशेनं ध्रुवित असतो आणि तसला गॉगल आडवा आला की तो अडवतो. पायलटनं साधा करडा, न ध्रुवणारा चष्मा घ्यावा. त्याच गॉगलातून कॅनोपीच्या स्क्रूंभोवती इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसत होते. तो प्लास्टिकच्या पोटातला ताण, जो मी थिनरनं मोकळा केला होता.

त्याच सुमारास माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात बसवायच्या भिंगाची डबी दाखवली, तिच्यावर लिहिलं होतं पीएमएमए. म्हणजे आमचंच ॲक्रिलिक! नंतर वाचलं, दुसऱ्या महायुद्धात फुटलेल्या कॅनोपीचे तुकडे ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्यानं ते सहन केले, हे हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं. त्यावरून त्यांनी 1949 साली लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हंजे माह्या डोयात इमान हाय.’ पंधरा दिवस येईल त्याला हेच सांगत होते.

हेच अप्पा माझ्या पुढच्या चुकीच्या वेळी कामाला आले. फिल्मनंतर मी चंदेरी पडद्यांच्या मागे लागलो होतो, गाडीच्या समोरच्या काचेला आतून लावतात तसे. विमान उभं असताना कॅनोपीला आतून टेकवून लावले. चकाकतात म्हणजे ऊन परत जाणार. काही प्रमाणात जातंही. पण पडदा आणि प्लास्टिक यांच्या मधली हवा कोंडून तापते, आणि हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. दोन तासांनी कॅनोपीला हात लावला तर नुसत्या उघड्या विमानापेक्षा जास्त गरम. घरी फोनवर रडगाणं गायलो. अप्पा म्हणाले, ‘उन्हाले घरात घेतो अन् मंग हाकलतो, हे कोन्तं शहानपन? ताट्या बाहीर बांधतेत का आंदर?’

वाळ्याची ताटी आम्ही दरवर्षी दाराबाहेर बांधत आलो होतो. मी स्वतः, दहा वर्षांचा असल्यापासून, तिच्यावर पाणी मारलं होतं.

खामगाव कापसाचं गाव. कापडाची तिथे वाण नाही. गादीवाल्याकडून पांढऱ्या सुती कापडाचं कव्हर शिवून घेतलं, बाहेरून घालायचं, पोटाखालून पट्ट्यांनी आवळायचं. पट्ट्यांना लोखंडी बक्कल लावू दिलं नाही, नाड्या लावल्या. एवढं तोवर शिकलो होतो. साहेबांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं, कागदावर मंजूर करून घेतलं आणि मग एका विमानावर घातलं. दुपारी सीटबेल्टचं बक्कल हाताला सोसेल इतकंच तापलं. उडताना मात्र कव्हर कामाचं नाही. तेव्हा उपाय जुनेच: पहाटे सहाला उडायचं, हवेची झडप उघडी ठेवायची, पांढरं पूर्ण बाहीचं घालायचं, आणि वर जायचं, दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी थंड होते.

कव्हरनं पण एकदा दगा दिला. पहिल्याच आठवड्यात कॅनोपीवर बारीक रेघा आल्या, या वेळी सरळ. कोऱ्या कापडाची खळ आणि रात्री ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, पसरून ठेवल्यानं त्यात भरलेली रेती. तेव्हा कुणी लहान विमानाला, ग्लायडरला किंवा प्लास्टिकची खिडकी असलेल्या कशालाही असं कव्हर शिवून घेणार असाल, तर कापड आधी दोनदा धुऊन खळ काढा, आणि कव्हर दोरीवर वाळत घाला, जमिनीवर टाकू नका.