नाते तुटले तरी खाते लेकराचेच

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आधी भांडीकुंडी वाटली जातात, मग दागिने, मग खोलीचा वाद. या ओढाताणीत लेकराचे पासबुक कुणाला आठवत नाही. आठवते तेव्हा तेही भांडणाचे कारण होते.

समाजकार्यात अशी प्रकरणे आमच्यापुढे येतात. माहेरी राहणारी एक भगिनी भेटली. नऊ वर्षांची मुलगी तिच्यापाशी. पण मुलीच्या बँक खात्यावर पालक म्हणून सही बापाची. मामाने दिलेले, आजीने लुगड्याच्या गाठीतून काढलेले पैसे त्यात होते. पुढे शिष्यवृत्तीही तिथेच यायची. बँकेत आईला सांगितले, "ज्यांची सही आहे त्यांना आणा." बापाचे म्हणणे, "पैसे मीही भरलेत." आम्ही त्याला शांतपणे म्हणालो, "दादा, भरले असतील. पण खाते पोरीच्या नावावर आहे. तुम्ही राखणदार, मालक नाही." हेच आम्ही आईलाही सांगितले.

हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे होऊन कायदे झाले. त्यातला एक १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम. आपण बौद्ध असलो तरी तो आपल्यालाही लागू आहे. त्यात पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई असे लिहिले आहे. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते. तेथे बापाची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली निकाल लागला की 'नंतर' म्हणजे बापाच्या मरणानंतरच असे नव्हे. बाप लेकराची जबाबदारी घेत नसेल, तर आईही पालक होऊ शकते. म्हणजे ही मोठी लढाईसुद्धा लेकराच्या बचतीपासूनच सुरू झाली होती.

आमच्या प्रकरणात दोघांना समोरासमोर बसवले. समझोत्याच्या कागदात खाते क्रमांक, शिल्लक आणि मुदत ठेवीची तारीख लिहिली. बापाने लेखी संमती दिली आणि खात्यावर पालक म्हणून आईचे नाव लागले. दर सहा महिन्यांनी पासबुकात एन्ट्री मारून तिची झेरॉक्स बापाला द्यायची. दहावीपर्यंत ठेव मोडायची नाही. आजारपण आलेच तर दोघांनी मिळून ठरवायचे. संमती मिळत नसेल तर भांडत बसू नये. वकिलाला किंवा मोफत कायदा साहाय्य केंद्राला भेटून न्यायालयाचा आदेश घ्यावा.

आणखी एक गोष्ट मायबापांनी ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे दहा वर्षे पूर्ण झालेले मूल, बँकेने घातलेल्या मर्यादेत, स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू शकते. अठरा पूर्ण झाली की नव्या सहीचा नमुना देऊन कारभार त्याचाच. म्हणून लेकराला आतापासून पासबुक वाचायला शिकवा. जमा कोणती, नावे कोणती, व्याज कधी पडले, हे त्याला कळू द्या.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आहे. लेकराच्या शिक्षणाचा पैसा आपल्या रागापायी खर्ची पडला, तर तो आदेश आपणच मोडला. संसार दोघांचा होता, तो मोडला. पण लेकराचे भविष्य वाटून घेण्याचा हक्क दोघांपैकी कुणालाच नाही. जयभीम!