देवणी ते सुरक्षा परिषद

उदगीरहून देवणीची एस.टी. धरली तेव्हा सतरा सप्टेंबरचे झेंडावंदन आटोपून शाळेची पोरे घरी परतत होती. दोन्ही अंगांनी सोयाबीन. देवणी म्हटले की लोकांना आठवतो तो इथला बैल. वानेरा, बालंक्या, शेवेरा असे त्याचे तीन प्रकार जाणकार लांबूनच ओळखतात. लातूर जिल्ह्याचे हे टोक, पलीकडे लगेच कर्नाटक. आम्ही मात्र बैल पाहायला गेलो नव्हतो. विहारात वर्षावासानिमित्त ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन चालू होते, त्याला बोलावणे होते.

वाचन संपले, चहा फिरला, तेवढ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी पुढे आली. “जयभीम काका. मला एम.ए.ला आंतरराष्ट्रीय सुरक्षा, तिचा कायदा आणि राजकारण शिकायचंय. फॉर्म कुठं भरू?”

तिचे वडील गवंडीकाम करतात. ते ओशाळून म्हणाले, “साहेब, त्यानं पोटाला काय मिळणार? तुम्हीच समजवा तिला.”

खरे सांगायचे तर आमच्याही जिभेवर बँकेची परीक्षाच आली होती. बी.कॉम. होऊन कारकुनी करणाऱ्याला दुसरे काय सुचणार? पण कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आजी मध्येच बोलल्या. रझाकारीच्या वक्ताला त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. “कोण कुणाला मारतंय, कळत नव्हतं. आमी जवारीत दडून बसलो. माय तोंडावर हात ठिवायची.”

मग आम्ही बँक बाजूला ठेवली आणि त्या ज्वारीचीच गोष्ट सांगितली.

हा उदगीरचा भाग तेव्हा निजामाच्या बीदर जिल्ह्यात होता. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने भारताविरुद्ध थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. सनदेचे ३५ वे कलम असे की, सभासद नसलेल्या राष्ट्रालाही आपला तंटा तिथे नेता येतो. भारताचे म्हणणे असे की, हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या. १६ ला पॅरिसमध्ये परिषद बसली. विषय पत्रिकेवर घ्यायला आठ मते पडली, तिघे तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि २२ ला तार करून तक्रार मागे घेतली. मे १९४९ मध्ये शेवटची चर्चा झाली आणि विषय तसाच पडून राहिला.

पॅरिसला गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग होते. त्यात आपल्यातले एक पुढारीही होते, औरंगाबादला जन्मलेले बी. श्यामसुंदर. हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. बाबासाहेबांची भूमिका नेमकी उलटी होती. १७ जून १९४७ च्या निवेदनात त्यांनी संस्थानिकांना बजावले होते की, संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेवर आणि संरक्षणावर भिस्त ठेवणे भ्रम आहे. प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिल्याशिवाय तिथून मदत येणार नाही. नोव्हेंबरात त्यांनी हैदराबादेतल्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असे सांगितले. श्यामसुंदर चुकले असे आमचे मत आहे. पण त्या दारापर्यंत आपला माणूस पोचला होता, हे विसरायचे कशाला?

फौजा आल्या म्हणजे सुरक्षा आली, असेही झाले नाही. पुढे आलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत मुख्यतः मुसलमान होते. सर्वात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. तो अहवाल कित्येक वर्षे दडवून ठेवला गेला. रझाकारांचे अत्याचार आपण दरवर्षी सतरा सप्टेंबरला आठवतो, हे मात्र कोणी काढत नाही.

आजी म्हणाल्या, “आमच्या शेजारचं तांबोळ्याचं घर परत भरलंच नाही.”

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले तेव्हाच्या निवेदनातही परराष्ट्र धोरण होते. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी फौजेवर जातात, कारण आपल्याला मित्र नाहीत, हा त्यांचा हिशेब. आम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून तो ध्यानात राहिला.

मुलीने विहाराच्या पत्रिकेच्या मागे नावे लिहून घेतली. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुल. तिथे कायद्याचे वेगळे केंद्र आहे, निःशस्त्रीकरणाचेही आहे. प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुढे परदेशात जायचे ठरले तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको, एवढे आम्ही दोनदा सांगितले.

स्टँडवर सोडायला तिचे वडील आले. वाटेत काहीच बोलले नाहीत. उदगीरची गाडी लागली तेव्हा खिडकीपाशी येऊन त्यांनी विचारले, “साहेब, उत्पन्नाच्या दाखल्याला फोटो किती लागतात?”