आमच्या स्वयंपाकघरांतील बुचाची भिंत

जुनी वस्तु काढून टाकून नवी आणावी, कीं तीच नीट करून वापरावी, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतोच. पुष्कळदां त्याचें उत्तर पैसा देतो. पण कांहीं वेळां तें भलत्याच ठिकाणाहून मिळतें. आमच्या भाईंदर येथील घरांतल्या एका भिंतीची हकीकत अशीच आहे. ती विद्यार्थी व पालक या उभयतांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

हें घर आम्हीं ज्या गृहस्थांकडून घेतलें ते बोटीवर नोकरीस होते. त्यांनीं परदेशाहून बुचाच्या पातळ, चौकोनी लाद्या आणून स्वयंपाकघराची एक भिंत मढविली होती. आपल्याकडे ज्यास बुचाचें झाड म्हणतात, व ज्याचीं लांब देठांचीं सुवासिक पांढरीं फुलें मुली दोऱ्यावांचून गुंफतात, त्याच्या सालीचें बूच हलक्या प्रतीचें असतें. खरें बूच ओक जातीच्या एका वृक्षाची साल होय. जगांतील सुमारें निम्मे बूच एकट्या पोर्तुगाल देशांतून येतें. इ. स. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तोंपर्यंत ज्यांचें राज्य आमच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर होतें, त्यांच्याच मायदेशची साल आमच्या शेगडीशेजारीं येऊन बसावी, ही मोठी मौज आहे!

ही साल काढतांना झाड तोडीत नाहींत. तें सुमारें २५ वर्षांचें झालें म्हणजे प्रथम साल सोलतात. मग दर ९ वर्षांनीं. सोललेल्या बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आंकडा रंगानें लिहून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी केव्हां तें कळतें. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून त्यांतील चिमुकल्या कोठड्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ‘पेशी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तेव्हांपासून रूढ झाला. या कोठड्यांत हवा कोंडलेली असते; म्हणूनच बूच हलकें असतें व हातास गारठा लागूं देत नाहीं.

पण फोडणीची वाफ आणि खाडीवरची खारट, दमट हवा यांनीं आमची भिंत अगदीं कळाहीन झाली होती. शेगडीकडील भाग चिकट व काळा पडला होता. खिडकीसमोरचा भाग उन्हानें फिका झाला होता. दिनदर्शिका टांगलेल्या जागीं मात्र मूळचा तांबूस रंग कायम होता. एका कंत्राटदारानें सर्व उखडून चकचकीत चिनी मातीच्या लाद्या बसविण्याचा सल्ला दिला. घरांतील सर्वांस तो पटला. केवळ आमच्या मातोश्री गप्प होत्या.

मातोश्रींचें वय ७८. कांचबिंदूमुळें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली आहे. रात्रीं त्यांनीं विचारिलें, “बाळ, ती भिंत गेल्यावर मला शेगडी कशी रे सांपडेल?” भिंतीवरून हात फिरवीत त्या कशा चालतात, हें मग आम्हीं दुसऱ्या दिवशीं लक्ष देऊन पाहिलें. दारापासून आठवी लादी एका कोपऱ्यास करपलेली होती. तेथें बोटें पोंचलीं कीं त्या थांबत आणि नेमका चहाचा डबा उचलीत. गुळगुळीत भिंतीनें त्यांना कांहींच सांगितलें नसतें. भिंत राखावयाची असें त्याच दिवशीं ठरलें.

पावसाळ्यांत ओल सुकत नाहीं, म्हणून काम नाताळच्या सुटींत काढलें. प्रथम कोरड्या फडक्यानें धूळ झाडली. नंतर साबणाच्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें तेलकटपणा पुसला. पाणी ओतलें तर लाद्यांमागचा गोंद सुटतो. दोन दिवस वाळूं दिल्यावर बारीक कांचकागदानें हलकेंच घासलें. जो भुगा निघाला तोच गोंदांत कालवून तुटलेल्या कडा भरल्या. जाड व्हार्निश लावल्यास भिंत पुन्हां गुळगुळीत होणार, यास्तव जवसाचें तेल पातळ लावून वरचें पुसून घेतलें. हें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. खोबरेल तसें होत नाहीं, तें चिकटच राहतें. मुलांनो, एक गोष्ट ध्यानांत ठेवा: जवसाच्या तेलाचीं फडकीं चुरगळून टाकूं नयेत. त्यांत उष्णता सांचून तीं आपोआप पेट घेऊं शकतात. आम्हीं तीं पाण्यांत बुडवून ठेविलीं. काम चाललें असतां शेगडीही बंद होती.

आठव्या लादीस मात्र आम्हीं कांचकागद लावला नाहीं. साऱ्या भिंतीस मधासारखा रंग चढला, आणि त्यांत तो करपलेला कोपरा पाहुण्यांस खटकतो. त्यांस आम्ही कारण सांगतों.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, घराची डागडुजी काढण्यापूर्वीं त्या घरांत जो सर्वांत कमी बोलतो त्यास एकदां अवश्य विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं घरांतील वडील माणसें कोठें हात टेकून चालतात, हें सुटींत नीट पाहून ठेवावें.