चंगळ

मुलांना बरोबर घेऊन एखाद्या उंची उपाहारगृहांत जेवावयास जाणें ही गोष्ट आमच्या आप्तवर्गांत अद्यापि थोडीशी संशयास्पदच समजली जाते. नवराबायकोनें लग्नाच्या वाढदिवसाला जावें, कचेरींतले साहेब पैसे भरणार असले तर अवश्य जावें. परंतु अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांना शेजारीं बसवून, स्वतःच्या खिशांतून, महिन्यांतून एकदां अगदीं ठरवून जावें, हें लक्षण कांहीं बरें नव्हे असें त्यांचें मत आहे. मुलांना त्या चवींतलें काय कळतें, हा एक आक्षेप. त्यांना संवय लागेल, हा दुसरा. दोन्ही आक्षेप एकाच दमांत घेतले जातात ही त्यांतली गंमत; कारण कांहीं कळतच नसेल तर संवय तरी कशाची लागावयाची? माझी आई मात्र असला वाद घालीत नाहीं. आम्ही कपडे करून निघालों कीं ती आपल्या खुर्चींतून एवढेंच म्हणते, "चालली का चंगळ?"

हा शब्द तिच्या तोंडीं मला फार आवडतो, आणि तो कां आवडतो हें सांगावयाचें तर थोडें मागें जावें लागेल. हल्लींच्या भाषेंत चंगळ म्हणजे उधळपट्टी; चंगळवाद म्हणून एक शब्दच आपल्या वृत्तपत्रांनीं रूढ करून ठेवला आहे. पण माझे आजोबा चंगळ म्हणत तेव्हां त्यांत निंदेचा लवलेशहि नसे. ते सावंतवाडीकडून मुंबईस आले आणि परळच्या एका गिरणींत सांच्यावर उभे राहिले. बिऱ्हाड गांवीं, येथें चाळींतल्या एका खोलींत पंधरा-सोळा जण पाळीपाळीनें निजत. जेवण खानावळींत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलें दुकान नव्हे. शेजारच्या चाळींतली एखादी बाई, बहुधा कुणा गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा, आपल्या एवढ्याशा खोलींत वीस-पंचवीस माणसांचें रांधी आणि पगार झाल्यावर हिशेब होई. रोज भाकरी, आमटी, भात आणि एक भाजी. पण महिन्यांतून एखाद-दुसऱ्या वेळीं, पगाराच्या सुमारास, मटण किंवा चांगली मासळी होई. त्या जेवणाचें नांव चंगळ. "माझी चंगळ चुकली," असें आजोबा म्हातारपणींहि एखाद्या हुकलेल्या लग्नाच्या जेवणाविषयीं म्हणत.

या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या व्याजांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें आणि त्यांना बँकेचीं कर्जें मिळवून दिलीं. मुंबईच्या खाण्यावर आज जाड जाड सचित्र पुस्तकें निघतात. त्यांत इराण्यांच्या हॉटेलांना मानाचें पान असतें, १९०३ सालच्या ताजमहाल हॉटेलाला तर असतेंच असतें. पण ज्यांनीं गिरणगांवाला दोन्ही वेळां जेऊं घातलें त्या बायांच्या वांट्याला एखादा परिच्छेद आला तरी पुष्कळ. असो.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हां गिरणीचें फाटक दिसलें नाहीं. आजोबा तेव्हां निवृत्तीला टेकले होते. काका मात्र ऐन पस्तिशींत बाहेर पडले आणि पुढें उपनगरांत रिक्षा चालवूं लागले. १९९१ च्या विकास नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनींचा मार्ग मोकळा केला, आणि जेथें सूत निघत होतें तेथें आधीं कचेऱ्या आल्या, मग दुकानें आलीं, आणि कचेऱ्यांतल्या माणसांना भूक लागते म्हणून शेवटीं उपाहारगृहें आलीं. आज मुंबईत ज्यांचा बोलबाला आहे अशीं कितीतरी उपाहारगृहें लोअर परळ आणि महालक्ष्मीच्या या जुन्या आवारांतच उघडलीं. त्यांतल्या एकाचें, २०१५ सालीं कमला मिलमध्यें सुरू झालेल्याचें, नांव तर 'बाँबे कँटीन' असेंच आहे. नांव ठेवणारानें तें गिरणीची आठवण ठेवून ठेवलें असो वा नसो, आमच्या घरांत तें ऐकल्यावर आई कितीतरी वेळ हंसत होती.

आम्ही राहातों दादरला. म्हणजे हीं उपाहारगृहें आमच्या अगदीं अंगणांतलींच म्हणावयाचीं. त्या आवारांत शिरतांना मी मुलांना उंच धुराडें दिसत असेल तर तें दाखवितों. तीं तें पाहिल्यासारखें करतात. याच कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगींत १४ माणसें गेलीं. तेव्हांपासून टेबलाशीं बसण्यापूर्वीं बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोठें आहे तें पाहून ठेवण्याचा प्रघात मीं पाडला आहे, आणि हें काम आतां मुलीकडे दिलें आहे. ती तें पोलीस अधिकाऱ्याच्या तोऱ्यांत करते.

टेबलाशीं बसल्यावर माझा पहिला नियम असा, कीं मुलांसाठीं म्हणून जें निराळें पत्रक पुढें येतें तें हसतमुखानें परत करावयाचें. या पत्रकाइतकी मुलांची मानहानि करणारी दुसरी वस्तु मीं पाहिलेली नाहीं. तळलेला बटाटा, पांढरा सॉस घातलेला पास्ता, आणि पुन्हां तळलेला बटाटा! जणूं काय बारा वर्षांखालच्या माणसाला जीभच नसते. मोठ्यांनीं तिरफळ, कोकम, कडवट पाला, भाजलेली वांगीं असल्या पदार्थांचा समाचार घ्यावयाचा आणि शेजारीं मुलानें तोंडासमोर पडदा धरून बटाटे चघळीत बसावयाचें, हा देखावा आतां प्रत्येक चौथ्या टेबलावर दिसतो. मुलें गप्प राहातात हें खरें; पण गप्पच बसवावयाचीं होतीं तर त्यांना आणावयाचें कशाला? आहाराचे अभ्यासक म्हणतात कीं लहान मुलाला एखादी नवी चव पटावयाची तर ती दहा-पंधरा वेळां चाखावी लागते. आमच्या चिरंजीवांनीं ऑलिव्ह नवव्या खेपेस गिळलें. पहिल्या आठ खेपांचीं ऑलिव्हें हातरुमालांत गेलीं. त्यांची किंमत मी शिक्षणखर्चांत धरतों.

दुसरा नियम, वाढणाराला 'ए' म्हणावयाचें नाहीं, चुटकी वाजवावयाची नाहीं. 'दादा' म्हणावयाचें आणि कांहीं मागण्यापूर्वीं त्याच्या तोंडाकडे पाहावयाचें. तिसरा, बिल मुलीनें मोठ्यानें वाचावयाचें. यावर सौ.चा आक्षेप आहे. शेजारच्या टेबलावर ऐकूं जातें असें ती म्हणते. परंतु जेवणाला पैसे पडतात, ते किती पडतात आणि त्यांत कर किती, हें मुलांना कळावें असा माझा आग्रह आहे. सेवाशुल्क म्हणून जी रक्कम कांहीं ठिकाणीं आपण होऊन बिलांत टाकीत, तसें टाकूं नये असें ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं बजावलें आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें उचलून धरलें, ही हकीकत आमच्या मुलीला तोंडपाठ आहे. द्यावयाचें तें आम्ही वाढणाराच्या हातांत देतों.

जुन्या पिढीला वाटतें कीं हा सगळा पाश्चात्त्य थाट आहे आणि आपली पंगत निराळी होती. मला तसें वाटत नाहीं. महालक्ष्मीस २०१६ सालीं 'मास्क' नांवाचें एक उपाहारगृह निघालें. तेथें आम्ही दोघे एकदां, मुलांना आईपाशीं ठेवून, गेलों होतों. तेथें यादींतून निवडण्याची भानगडच नाहीं. आचारी ठरवील तें, तो पाठवील त्या क्रमानें, घांसाघांसाएवढ्या वाढणींत खावयाचें. लोक याला नवलाई म्हणतात. मला तर पहिल्या तीन वाढण्यांतच आपली पंगत आठवली! वरच्या बाजूला मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्यें भाताची मूद. तुपाची धार पडेपर्यंत हात लावावयाचा नाहीं, आणि जिलबी आधीं मागून मिळावयाची नाहीं. तेथेंहि निवड यजमानाची आणि धीर पाहुण्याचा. पंगतींत आग्रह होता, येथें पदार्थाची माहिती सांगतात. दोन्हीमुळें घांस थोडा गार होतो. फरक एवढाच कीं पंगतीचें बिल वधूपित्याकडे जाई.

तर अशी आमची चंगळ सुखानें चालली होती. मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, मासळी पुन्हां मुबलक येऊं लागली तेव्हां, आईनें एके दिवशीं बांगड्याचें तिखलें केलें. तिच्या हातचें तिखलें म्हणजे लालभडक, दाट, तिरफळाच्या वासानें जिन्यापर्यंत जाऊन पोंचणारें. स्टीलच्या वाटींत, वाटीच्या कडेवर रस्सा ओघळलेला, असें तें चिरंजीवांच्या पुढें आलें. त्यांनीं वाटीकडे पाहिलें आणि म्हटलें, "आजी, हें असं कां वाढलंय? आपण गेलों होतों तिथें किती छान दिसत होतं."

आई कांहीं बोलली नाहीं. तिनें फडक्यानें वाटीची कड पुसली.

तें कड पुसणें मला फार लागलें. नातेवाइकांचा 'संवय लागेल' हा आक्षेप मीं आजवर पैशांच्या अंगानेंच ऐकला होता. मुलाला महागाईची चटक लागेल अशी ती भीति होती आणि तिला मी भीत नव्हतों. पण ज्या पदार्थावर आचाऱ्यानें नक्षी काढावी तो पदार्थ मूळचा कुणाच्या चुलीवरचा, हें त्या चुलीशेजारीं वाढणाऱ्या मुलालाच ठाऊक नसावें, हा निराळा मामला होता. आजोबांच्या खानावळवालीनें वाटीची कड कधीं पुसली असेल असें मला वाटत नाहीं. मुलाला रागें भरण्यांत अर्थ नव्हता; त्यानें पाहिलें तें सांगितलें. सौ. म्हणाली, आतां कांहीं महिने बाहेर जाणें बंद ठेवूं. मला तेंहि पटेना. चव शिकवावयाची तर अर्ध्यावर शाळा सोडून कसें चालेल? पुढच्या महिन्यांत आम्ही आईला बरोबर घेऊन गेलों.

ती यावयास सहज तयार झाली याचें मला थोडें आश्चर्य वाटलें. पत्रक तिनें चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलें, आणि सगळें सोडून बांगडाच मागितला. तो आला तो काळ्या दगडी थाळीवर, केळीच्या पानाच्या कातरलेल्या तुकड्यावर, बोटभर लांबीचा, वर तिरफळाच्या तेलाचे मोजके थेंब. चिरंजीव तिच्या तोंडाकडे टक लावून पाहात होते. आईनें आधीं वास घेतला. "तिरफळ चांगलं आहे," ती म्हणाली, आणि कांटा-चमचा बाजूस सारून बोटांनीं पहिला घांस घेतला. मग दुसरा. मग ती थांबली आणि थाळी उलटसुलट करून पाहूं लागली.

"याचे कांटे कुठं गेले?"

"आचाऱ्यानं काढले, आजी," मुलगी म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

"मग पोरांना कांटे काढायला यायचं कधीं?" आईनें मला विचारलें. मजजवळ याचें उत्तर नव्हतें. मासा चवीला पसंत पडला होता. वाढणारा मुलगा विचारावयास आला तेव्हां तिनें तसें त्याला मनापासून सांगितलें, भात मात्र अंमळ कमी पडतो म्हणाली, आणि तो कुठल्या गांवचा याची चौकशी केली. तो कुडाळचा निघाला. पुढचीं दहा मिनिटें आमच्या टेबलाकडे दुसरें कांहींच आलें नाहीं.

त्या दहा मिनिटांतच केव्हांतरी मुलीनें मला हळूच विचारलें, "बाबा, पणजोबांना इथं आंत सोडलं असतं का?" तिच्या डोळ्यांसमोर दारावरचा काळ्या कोटांतला माणूस असावा. मी उत्तर जुळवीत होतों. आजोबांची गिरणी ही नव्हे, शेजारची, वगैरे. पण आईचे कान अजून शाबूत आहेत. "सोडलं असतं कीं," ती म्हणाली, "भोंगा झाल्यावर पांच मिनिटांच्या आंत आला तर. उशीर झाला तर मात्र फाटक बंद." मुलीनें यावर बराच वेळ विचार केला. बांगड्याची किंमत आईनें बिल वाचतांना ऐकली. तेवढ्यांत बाजारांत किती वांटे आले असते हें तिनें मनाशीं मोजलेंहि असेल, पण ती बोलली नाहीं. घरीं जातांना टॅक्सींत एवढेंच म्हणाली कीं मिठाचा अंदाज चांगला होता, आणि चंगळ ती चंगळ.

तेव्हांपासून रविवारीं सकाळीं तिनें आपली एक स्वतंत्र शाळा उघडली आहे. चिरंजीव ताटासमोर बसतात, ताटांत अख्खा बांगडा, आणि आजी शेजारीं. मधला कणा अलगद उचलावयाचा, पोटाकडचे बारीक कांटे बोटांना जाणवतात कीं नाहीं तें पाहावयाचें, डोकें टाकावयाचें नाहीं, तें चोखावयाचें. वाटीची कड हल्लीं कुणी पुसत नाहीं. गेल्या रविवारीं एक कांटा त्याच्या घशांत अडकला आणि घरांत धांवपळ उडाली. आईनें कोरड्या भाताचा मोठा गोळा न चावतां गिळावयास लावून तो उतरविला. दुपारीं त्यानें उरलेला अर्धा बांगडा मागून घेतला. पुढच्या महिन्याचें टेबल मीं राखून ठेवलें आहे, पांच जणांचें. आणि या खेपेस भात जास्त मागावयाचा असें ठरलें आहे.